लाल गाडी उभी राहील तिथं

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. मुखेडच्या बाजारात सांगा, लोक भजी खाता खाता हसतील. अहमदपूरच्या मोंढ्यात सांगा, हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून हसतील. एका म्हाताऱ्यानं वैशाखातल्या दुपारी, घरच्या अंगणात, दोन पाने आणि एक पक्कड घेऊन एका फटफटीची कातडी सोलली आणि दुसरीला घातली, तीही आठ हजार लिटर पाण्यासाठी! पण यातलं जे जे अचाट वाटेल ते सगळं खरं आहे. खोटं आहे ते एवढंसंच, आणि त्यात अचाट काही नाही.

म्हाताऱ्याचं नाव पंढरी. अहमदपूरच्या एसटी डेपोत अठ्ठावीस वर्षं हेल्पर होता. लातूर जिल्हा झाला त्याच साली तो रिटायर झाला, आणि जिल्हा करण्यात आपला हात होता असं सांगू लागला. म्हणे, नकाशावर शीव ओढता ओढता साहेबाची पेन्सिल मोडली. डेपोच्या कानशीनं ती टोकदार करून दिली पंढरीनं. साहेब खूश. म्हणाला, "पंढरी, तुझी वस्ती नांदेडात ठेवू का लातुरात?" पंढरी म्हणाला, "जिकडं पाणी जास्त, तिकडं ठेवा."

"मग साहेब चुकला की वो," वस्तीवरचं कुणीतरी म्हणायचं.

"साहेब न्हाई चुकला. पाणी चुकलं."

पंढरीच्या गोष्टीत मध्येच कुणी अडवायचं नाही, अशी वस्तीची रीत होती. थाप आहे हे शेंबड्या पोरालाही कळायचं. पण उन्हाळा लांबलचक, रेडिओ एकच आणि त्याचे सेल संपलेले. अडवून कुणाचं भलं होणार होतं?

वस्ती म्हणजे सावळवाडीच्या पलीकडं, माळाच्या उताराला असलेली बौद्धांची बावीस घरं. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत आलं की आधी सावळवाडी गाव लागतं. गावाच्या तोंडाशी पार, पाराला लागून आड. पारासमोरून रस्ता जातो तो दीड मैलावर वस्तीला पोचतो. वस्तीनं स्वतःच्या हातांनी दगड वाहून एक हौद बांधला होता. पण पाऊस तीन वर्षं आलेला नव्हता, आणि टँकर यायचा तो गावातच रिकामा व्हायचा. आडात पाणी पडायचं, गावाची भांडी भरायची, मग वस्तीनं घागरी घेऊन जायचं. तोवर आडात उरायचा गाळ आणि बेडकं. कोंडाबाई, म्हणजे पंढरीची बायको, तो गाळ लुगड्यातून तीनदा गाळायची आणि म्हणायची, "बेडकं तरी कशाला गाळून राहिले म्या? तेवढंच कालवण झालं असतं."

यंदा हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांची लेक सुमन बाळंतपणाला आली होती. दिवस भरत आले होते. नळेगावकडच्या सुईणीनं येऊन पोट चाचपून सांगितलं होतं, "चार दिस, लई झाले तर सहा. दोन रांजण सोच्छ पाणी लागंल. गाळाचं चालायचं न्हाई, आधीच सांगते." घरात रांजण दोन होते. दोन्ही तळाला हात लावला की टणटण वाजत होते.

टँकरवर ठेकेदाराचा माणूस होता शेषेराव. स्वभावानं वाईट नव्हता. पंढरीनं त्याला दोनदा विनवलं होतं. तो म्हणायचा, "पंढरीआबा, कागदावर ठिकाण एकच हाय. तुमचा हौद कागदावर आला की मी सोता पाइप धरतो." कागदासाठी अर्ज लातूरला गेला होता. उत्तर यायचं होतं.

टँकर चालवायचा वीरण्णा. तो बिदरकडचा. मराठी त्याला बेताची, आणि गावं सगळी सारखीच दिसायची. म्हणून शेषेरावनं त्याला एकच नेम घालून दिला होता. फाट्यावर शेषेराव लाल फटफटी घेऊन थांबायचा, पुढं चालायचा, टँकर धुरळ्यामागून यायचा. लाल गाडी जिथं उभी राहील, तिथं वीरण्णानं खाली उतरायचं आणि व्हॉल्व्ह खोलायचा. विचारायचं नाही, बोलायचं नाही. सात गावांत दोन महिने हा नेम घड्याळासारखा चालला होता.

आणि सोमवारी शेषेरावची गाडी वस्तीजवळच्या चढाला बंद पडली.

पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं तर शेषेरावचा हात आखडायचा. इंजिन तापलं आणि पिस्टन जागीच धरला. ढकलत ढकलत त्यानं गाडी पंढरीच्या अंगणात आणली. पंढरीनं हेड खोलला, सिलेंडर बाहेर काढला आणि उन्हात धरून पाहिला.

"ह्याच्यात तर नांगरट झालीय शेषेराव. आतनं घासून बोअर करावं लागंल. लातूरला न्या."

"आज सोमवार. गुरुवारी येतो मग. बुधवारच्या टँकरचं वीरण्णाला सांगतो, लाल गाडी दिसली न्हाई तर सरळ आडात सोड म्हणून." सिलेंडर आणि पिस्टन गोणपाटात गुंडाळून तो एसटीनं गेला.

अंगणात दोन फटफट्या उरल्या. एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या. शेषेरावची लाल, चकचकीत, टाकीवर पिवळ्या अक्षरांत 'आई-वडिलांचा आशीर्वाद', आत इंजिन मेलेलं. पंढरीची काळी, चेपलेली, टाकीवर निळ्या रंगात 'जयभीम', आणि इंजिन असं की एका किकमध्ये बोलायचं.

मंगळवारी सकाळी पंढरी बाजेवर बसून दोन्हींकडं बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "कोंडे, पराती आण. दोन."

"पीठ हाय का मळायला?"

"नट ठिवायचेत."

कोंडाबाईला कळायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षांचा संसार होता. "लोकाच्या गाडीची कातडी वो ती," ती म्हणाली. "शेषेरावला कळलं तर?"

"गुरुवारी त्याची त्याला घालू. एक वायसरसुदिक कमी पडायचा न्हाई."

"आणि लबाडी?"

पंढरीनं पाना उचलला. दारात सुमन दोन्ही हातांनी कंबर धरून उभी होती. तिच्याकडं एकदा बघून कोंडाबाई आत गेली आणि दोन पराती घेऊन आली. एकीत लाल गाडीचे नट, दुसरीत काळीचे. सुमननं उंबऱ्यात पाय पसरले, पराती दोन्ही बाजूंना घेतल्या आणि नट निवडायला बसली.

"आबा, ह्यो लांबडा कुणाचा?"

"लाल गाडीच्या मडगार्डाचा. त्याला येगळा ठिव, त्याची चाल उलटी हाय."

आधी सीटा निघाल्या. मग पेट्रोलचे पाइप सोडवून टाक्या. लाल टाकी निमूट निघाली. काळीचा मागचा बोल्ट गंजून बसला होता, त्याला घासलेट पाजावं लागलं. कोंडाबाईनं टाकी लेकराला घेतात तशी काखेत धरली आणि पंढरीनं खालून पाना फिरवला. मग बाजूचे पत्रे, दोन्ही मडगार्ड नंबरपाट्यांसकट, पुढच्या दिव्याचा डूम, क्रॅशगार्ड, आरसे, हँडलची रेक्झिनची पिशवी, आणि मडगार्डावरची पांढरी झेंडी, जिच्यावरून वीरण्णा धुरळ्यातसुद्धा गाडी ओळखायचा.

काढणं सोपं होतं. घालताना मात्र घाम फुटला. काळी गाडी कधीतरी पडून तिची फ्रेम बोटभर वाकलेली, म्हणून लाल टाकीची भोकं जुळेनात. पंढरीनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून खाली घातले, वर कोंडाबाईला बसवलं आणि म्हणाला, "दाब."

"काय दाबू? माझ्यात वजन हाय का दाबायला? दुष्काळानं नेलं समदं."

"तोंडाचं वजन घाल."

सुमन हसली आणि हसता हसता पोटाला हात लावून थांबली. दोघांचेही हात जागीच राहिले. "काय न्हाई," ती म्हणाली. "पाय मारलाय त्यानं. आवळा तुमी."

ऊन कलेस्तोवर काम झालं. लाल टाकीखाली पंढरीचं इंजिन, काळ्या टाकीखाली शेषेरावचं मेलेलं धूड. कुणी कुंपणावरून डोकावलं तर पंढरीची काळी गाडी आपली जागेवर उभी दिसणार. सुमननं पराती दाखवल्या. दोन्ही रिकाम्या. एक वायसरसुद्धा उरला नव्हता, आणि डेपोतल्या अठ्ठावीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं, हेही खरं आहे.

"आबा," सुमन म्हणाली, "पण टँकर तर पारापुढून आणावा लागंल. तिथं माणसं बसल्याली असत्यात."

"मग?"

"न्हाई. तुमाला काय! तुमी तर हमेशा हॉर्न वाजवत जाता."

पंढरी हात पुसायला आत गेला.

इथं एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. छप्पनच्या आधी वस्तीतला माणूस पारासमोरून जाताना चपला हातात घ्यायचा. बैलगाडीत असला तर उतरून चालायचा. पंढरी बत्तीस वर्षांचा होईस्तोवर तसाच चालला, आणि त्याआधी त्याचा बाप. मग वस्तीनं दीक्षा घेतली, आणि ठरलं की आता उतरायचं नाही. पोरं त्याच दिवशी मुद्दाम दोनदा पारावरून जाऊन आली. पुढं ती रीत गावातही कुणी मागेनासं झालं. पण पंढरी त्या दिवसापासून पारावरून गेलाच नाही. वस्तीमागून नाल्यातली पांदण थेट फाट्याला निघते. सायकलवर असताना तो पांदणीनं गेला, फटफटी आली तेव्हाही पांदणीनंच. कुणी विचारलं तर म्हणायचा, जवळ पडते. खरं म्हणजे पाऊण मैल लांब पडते.

सुमन गावातल्या शाळेत पाचवीला जाऊ लागली तेव्हा पहिल्या दिवशी पारापाशी जाऊन परत आली होती. "आबा, आजी म्हणती तिथं चपला काढतात." पंढरीनं तिला मांडीवर घेतलं आणि आयुष्यातली सगळ्यात झकास थाप मारली. मी तर छाती काढून, टुंग टुंग घंटी वाजवत जातो म्हणाला. आणि माझी घंटी ऐकून पारावरचे लोकच पाय वर घेतात! दुसऱ्या दिवशी पोरगी चपला आपटत पारासमोरून गेली, आणि त्यानंतर पाच वर्षं रोज गेली.

बुधवारी उन्हं तिरपी झाल्यावर पंढरीनं शेषेरावसारखा टॉवेल तोंडाला गुंडाळला, काळा गॉगल चढवला आणि पांदणीनं फाट्यावर जाऊन उभा राहिला. मागं वस्तीवर बावीस घरांच्या घागरी हौदाभोवती ओळीनं लागल्या होत्या. कुठं निघालो ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना माहीत होतं.

टँकर आला. लाल गाडी बघून वीरण्णानं हात वर केला, पंढरीनं झेंडी हलवली. पहिल्या किकला इंजिन बोललं. ठरल्या चालीनं तो पुढं निघाला. आरशात धुरळा आणि धुरळ्यात टँकरचं नाक. आतलं पाणी खड्ड्यागणिक डचमळत होतं. तो आवाज इंजिनच्या वर त्याला ऐकू येत होता. दोन रांजण, तो मनाशी म्हणाला. बाकीचं वस्तीला.

वळण संपलं आणि पार दिसला.

पारावर चौघं-पाच जण बसले होते. मध्ये अण्णाराव, गावातला मोठा शेतकरी, काठीवर हनुवटी टेकून. कुणी ताठ झालं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. अण्णारावांनी तर नुसता हात केला, "या शेषेराव!" असा. बायका कळश्या घेऊन आडाकडं निघाल्याही होत्या. पंढरीनं फक्त मान हलवायची होती आणि पुढं जायचं होतं. शंभर पावलं.

त्याचा उजवा पाय ब्रेकवर पडला. तो त्यानं टाकला नव्हता, तो आपोआप पडला. गाडी हळू झाली, पंढरी उतरला, वाकला, चपला काढल्या आणि हँडलला अडकवल्या. मान खाली घालून तो गाडी ढकलत चालू लागला. सहा-सात पावलं गेल्यावर पायाला फुफाटा भाजला, तेव्हा त्याला कळलं की आपण चालतोय.

तो जागीच थांबला. लाल गाडी उभी राहिली.

मागं टँकरचा ब्रेक किंचाळला. वीरण्णानं खाली उडी मारली, पाइप ओढला, आडात सोडला आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. नेम म्हणजे नेम. पाणी असं धपधप पडू लागलं की बायका ओरडल्याच.

पंढरीनं हात हलवला, पुढं चल, पुढं. वीरण्णाला वाटलं, अजून खोल म्हणतोय. त्यानं चाक शेवटपर्यंत फिरवलं.

टॉवेल खाली ओढून एक हाक मारायची होती. 'वीरण्णा, बंद कर, हौदावर चल.' एवढंच. पण टॉवेल निघाला की पंढरी निघणार, आणि पंढरी निघाला की लोकाची टाकी, लोकाचा डूम, लोकाची झेंडी सगळी निघणार. तेही चाललं असतं. चोर म्हटलेलं चाललं असतं. पण तो अनवाणी उभा होता. चपला हँडलला लोंबत होत्या आणि पारावरून अण्णाराव हसत विचारत होते, "का वो शेषेराव, आज लई अदबीनं? गाडी रुसली का?" त्या माणसाला कळलंसुद्धा नव्हतं. तीस वर्षांत ती रीत अण्णाराव विसरून गेले होते. लक्षात ठेवली होती ती पंढरीच्या पायांनी.

टॉवेल त्यानं आणखी घट्ट ओढून घेतला. पंधरा-वीस मिनिटांत टँकर रिकामा झाला. "आयितु," वीरण्णा म्हणाला, झालं म्हणून. पाइप गुंडाळला आणि निघून गेला. पंढरीनं गाडीला किक मारली. पहिल्या किकला बोलणारं इंजिन पाचव्या किकला बोललं.

दीड मैल त्यानं कसा कापला, त्याचं त्याला ठाऊक. उतारावर आला तेव्हा घागरींची ओळ तशीच होती, बायका उभ्या होत्या, पोरं हौदाच्या काठावर पाय सोडून बसली होती. सगळ्यांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडं. सुमन हौदाला पाठ टेकून खाली बसली होती. कोंडाबाई तिच्याजवळ.

पंढरीनं गाडी स्टँडवर लावली, टॉवेल सोडला, गॉगल कपाळावर चढवला. बावीस घरं वाट बघत उभी होती. आणि दुसरं काहीच जमत नसलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं.

"कुणाला खरं वाटायचं न्हाई," तो म्हणाला, "पण आज जे झालं ते अख्ख्या लातूर जिल्ह्यात कधी झालं नसंल."

 साखराबाईनं, शेजारच्या घरातल्या म्हातारीनं, घागर पालथी घालून वर बैठक मारली. तेवढ्या आधारावर पंढरी पुढं निघाला.

"फाट्यावर वीरण्णानं मला सलाम ठोकला. कडक! म्हटलं, चल. पार आला. अण्णाराव बसल्याले. म्या गाडीवर असा, छाती ही एवढी, हॉर्नवर अंगठा. अण्णाराव उठून उभे राहिले. सोता! काठी बाजूला ठिवली आन म्हणाले, जावा शेषेराव, वस्तीला आधी पाणी द्या, तिथं आमची सुमन बाळंत व्हायची हाय. म्या मान हलवली. थांबलो न्हाई. आलो की पुढं!"

"मग?" कुणीतरी हलकेच विचारलं.

"मग वढ्याच्या वळणावर काळी जमीन न्हाई का? तिला भेग पडली होती, हातभर रुंद. टँकरचं मागलं चाक गेलं तिच्यात. वीरण्णा खाली उतरून बघतो तर भेग आ करून हाय. तिनं व्हॉल्व्हलाच तोंड लावलं राजेहो! वासरू गायीला लागतं तसं. घटा घटा घटा! म्या वढतो, वीरण्णा वढतो, सोडंना. आठ हजार लिटर! तीन वर्साची तहान, काय करती बिचारी? पिऊन झालं आन जमिनीनं अशी ढेकर दिली, का वढ्यातले खेकडे बाहेर येऊन बसले."

दोघं-तिघं हसले. हसण्याजोगी गोष्ट होती आणि पंढरीचे हात हवेत भेगेएवढे पसरलेले होते. साखराबाईनं पदरानं तोंड झाकलं. कोंडाबाई हसली नाही, पण मानही वर केली नाही. रीत होती, आणि सगळ्यांनी ती पाळली. पंढरीला वाटलं, निभावलं.

सुमन उठली. उठायला तिला वेळ लागला. एक हात पोटाखाली धरून ती सावकाश लाल गाडीपाशी आली. टाकीवरच्या पिवळ्या अक्षरांवरचा धुरळा तिनं बोटानं पुसला, आणि हँडलला लोंबणाऱ्या दोन चपला काढून घेतल्या. त्या तिनं बापाच्या पायांपुढं ठेवल्या. पाय घोट्यापर्यंत फुफाट्यानं पांढरे झाले होते.

"गाडीवर बसल्याल्या माणसाच्या चपला पायात असत्यात, आबा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुमी पारापाशी उतरलात."